विश्लेषण : झाड पाणी आणते की पिते? पडेगावच्या मुरमाड माळावरचा हिशेब

जुलैत रोपे लावताना सांगितले जाते, 'झाडे लावा, पाणी येईल.' मे महिन्यात बोअर आटले की कुणीतरी कुंपणालगतच्या नीलगिरीकडे बोट दाखवतो, 'हीच सगळे पाणी ओढते.' छत्रपती संभाजीनगरच्या पश्चिमेला, छावणी ओलांडून दौलताबाद-वेरूळकडे निघाले की पडेगाव आणि मिटमिटा लागते. रस्त्यालगत वाढत्या वसाहती, मागे उघडे-बोडके डोंगर. इथल्यासारख्या जमिनीवर ही दोन्ही वाक्ये अर्धीच खरी ठरतात. उरलेले अर्धे तीन गोष्टींवर अवलंबून असते : झाड कोणते, ते किती दाट लावले आणि त्याच्याखाली माती किती खोल आहे. वृक्षलागवडीच्या कार्यक्रमात खड्ड्यांची आणि रोपांची संख्या आवर्जून सांगितली जाते. या तीन गोष्टी मात्र क्वचितच कुणी विचारते.

हिशेब टँकरमध्ये

पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात, त्यामुळे तो नेमका किती पाणी देतो हे चटकन डोळ्यांसमोर येत नाही. सोपे गणित असे : एक चौरस मीटर जागेवर १ मिमी पाऊस पडला की १ लिटर पाणी मिळते. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. म्हणजे हेक्टरभर माळावर १ मिमी पाऊस पडणे आणि १०,००० लिटरचा एक टँकर तिथे रिकामा होणे हे सारखेच.

या भागात वर्षाला सरासरी ७०० मिमीच्या आसपास पाऊस पडतो. पडेगावच्या एका हेक्टर माळाला वर्षाला सुमारे ७०० टँकर मिळतात, एकराला साधारण २८०. त्यातले काही पाणी नाल्याने वाहून जाते, काही उघड्या जमिनीवरून वाफ होऊन उडते, काही झाडे-गवत पितात आणि उरलेले मुरमातून खाली झिरपते. बोअरला मिळते ते फक्त हे शेवटचे. वाद आहे तो या चार वाटण्यांचा.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करायला हवी. मुळांनी ओढलेले पाणी झाड साठवून ठेवत नाही. त्यातले ९५ टक्क्यांहून अधिक पाणी पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून वाफ होऊन हवेत जाते. शाळेत 'बाष्पोत्सर्जन' म्हणून शिकवतात ते हेच. कर्बवायू आत घ्यायचा तर छिद्रे उघडावी लागतात आणि छिद्रे उघडली की पाणी निसटते. झाडाला वाढायचे असेल तर ही किंमत मोजावीच लागते. वाढ जितकी वेगवान, तितके पाण्याचे बिल साधारणपणे मोठे.

एक झाड दिवसाला किती पिते?

हे मोजायची एक पद्धत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला लगेच पटेल. फ्रान्सचे आंद्रे ग्रानिए यांनी १९८५ मध्ये ती मांडली. खोडात एकाखाली एक अशा दोन बारीक सुया बसवायच्या. वरची सुई विजेने सतत तापवायची, खालची तशीच ठेवायची. खोडातून रस वर चढत असेल तर तो तापलेल्या सुईची उष्णता सोबत घेऊन जातो आणि दोन्ही सुयांच्या तापमानातला फरक कमी होतो. रसाचा वेग जितका जास्त तितका फरक कमी. गाडीच्या रेडिएटरमध्ये पाणी फिरते तेव्हा इंजिन थंड होते, त्यातलीच ही युक्ती. फरकावरून वेग काढायचा, खोडाच्या रसवाही भागाच्या क्षेत्रफळाने गुणायचे, की दिवसाला किती लिटर ते कळते.

अशा मोजण्यांचा एक मोठा आढावा १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी २१ मीटर उंचीच्या झाडांसाठी बहुतेक आकडे दिवसाला १० ते २०० लिटरच्या दरम्यान होते. अॅमेझॉनमधल्या एका महाकाय झाडाने मात्र एका दिवसात हजार लिटरचा टप्पा ओलांडला होता. 'एक नीलगिरी रोज इतके लिटर पिते' असे ठणकावून सांगणारा मेसेज व्हॉट्सअॅपवर आला तर १० ते २०० हा पल्ला आठवावा. तेच झाड ऑगस्टमध्ये आणि एप्रिलमध्ये, खोल काळ्या मातीत आणि वीतभर मुरमात वेगवेगळे पाणी पिते. शिवाय झाडामागचा आकडा फसवा असतो. दहा मोठी झाडे आणि हजार लहान झाडे यांत जास्त पाणी कोण पिते, हे त्यातून कळत नाही. म्हणून पाण्याचे अभ्यासक झाडाऐवजी हेक्टरचा हिशेब करतात.

जगभरातल्या २५०हून अधिक पाणलोटांच्या नोंदींवरून ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००१ मध्ये एक सूत्र मांडले. वर्षाचा पाऊस त्यात टाकला की जंगल किती पाणी हवेत सोडते आणि गवत किती, याचा ढोबळ अंदाज मिळतो. ७०० मिमी पाऊस घालून पाहिला तर जंगलासाठी उत्तर येते सुमारे ६४० मिमी आणि गवतासाठी सुमारे ५२० मिमी. फरक १२० मिमीचा, म्हणजे हेक्टरी वर्षाला १२० टँकर.

हा आकडा पडेगावला जसाच्या तसा लागू करता येणार नाही. इथला पाऊस चार महिन्यांत आणि त्यातही मोजक्या दिवसांत कोसळतो. डोंगरावरून बरेच पाणी झाड असो वा नसो, वाहून जाते. पण दिशा समजायला हे सूत्र पुरेसे आहे. माळावर दाट झाडी उभी केली की खाली उरणारे पाणी कमी होण्याकडे कल असतो. 'सायन्स' या नियतकालिकात २००५ मध्ये आलेल्या अभ्यासातही हेच दिसले. गवताळ, झुडपी किंवा शेतीच्या जमिनीवर लागवड झाली तिथे ओढ्या-नद्यांचा प्रवाह सरासरी ५२ टक्क्यांनी घटला होता आणि १३ टक्के प्रवाह किमान एक वर्ष पूर्ण आटले होते. दक्षिण आफ्रिकेने तर १९९८ च्या जलकायद्यात व्यापारी वनलागवडीला 'प्रवाह घटवणारे काम' ठरवून तिला पाण्याचा परवाना लागू केला. कारखान्याला लागतो तसाच.

खडकाची टाकी लहान आहे

मराठवाड्यात हा प्रश्न अधिक टोकदार होतो तो बेसॉल्टमुळे. वर थोडी माती, त्याखाली मुरूम, त्याखाली काळा खडक. पाणी साठते ते मुरमात आणि खडकाच्या फटींमध्ये. अशा खडकातून बोअरला मिळू शकणारे पाणी त्याच्या आकारमानाच्या साधारण १ ते ३ टक्के असते. वाळूने भरलेली बादली आणि दगडांच्या भेगांत अडकलेले पाणी, यांतला हा फरक.

२ टक्के धरून गणित केले तर भूजलातून केवळ १० मिमी पाणी जास्त उपसले गेले, की पातळी अर्ध्या मीटरने खाली जाते. ते पंपाने उपसले की मुळांनी, खडकाला फरक पडत नाही. मात्र हेच गणित उलटेही चालते. १० मिमी पाणी जास्त मुरवता आले तर पातळी अर्धा मीटर वर येते. बोअर आणि टँकरवर उन्हाळा काढणाऱ्या वसाहतीसाठी ही रक्कम किरकोळ नाही.

नीलगिरी गुन्हेगार आहे का?

१९८० च्या दशकात नाशिक जिल्ह्यात विनायकदादा पाटील यांनी नीलगिरी लावणाऱ्या शेतकऱ्यांची सहकारी संस्था उभी केली, तेव्हापासून महाराष्ट्रात हा वाद आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने झाड सोयीचे होते. जनावर तोंड लावत नाही, राखण लागत नाही, सात-आठ वर्षांत पैसा. पाण्याचे काय, यावर दोन्ही बाजूंनी भरपूर बोलले गेले, मोजले मात्र कमी.

मोजणी झाली ती शेजारी, दक्षिणेत. निलगिरी पर्वतावर उटीजवळच्या ग्लेनमॉर्गन पाणलोटात गवताळ जमिनीवर नीलगिरी लावून केंद्रीय मृद व जलसंधारण संस्थेने दीर्घकाळ नोंदी घेतल्या. पहिल्या लागवडीत पाणलोटातून मिळणारे पाणी सुमारे १६ टक्क्यांनी घटले. झाडे तोडल्यावर त्याच बुंध्यांतून फुटलेल्या दुसऱ्या पिढीत घट सुमारे २५ टक्क्यांवर गेली. मुळे आधीच खोल गेलेली होती, फुटव्यांना शून्यापासून सुरुवात करावी लागली नाही.

कर्नाटकच्या कोरड्या पट्ट्यातल्या नोंदी पडेगावला अधिक जवळच्या आहेत. इयन काल्डर आणि सहकाऱ्यांनी तिथे झाडांच्या रसप्रवाहाची मोजणी केली. जिथे माती सुमारे ३ मीटर खोल होती, तिथे नीलगिरीने स्थानिक पानझडी जंगलापेक्षा जास्त पाणी वापरले नाही. हे दोघेही नाचणीच्या पिकापेक्षा सुमारे दुप्पट पाणी घेत होते, तो भाग वेगळा. पण बंगळुरूजवळ होसकोटे इथे माती ८ मीटर खोल होती, तिथे चित्र पालटले. मोजणीच्या काळात झाडांनी वापरलेले पाणी त्याच काळात पडलेल्या पावसापेक्षा जास्त निघाले. मुळे दरवर्षी आणखी खोल जाऊन मातीत आधीपासून साठलेला ओलावा उपसत होती. बँकेतले व्याज संपल्यावर मुद्दल काढावे तसे. पुढे २०१७ मध्ये कर्नाटक सरकारने नीलगिरीच्या नव्या लागवडीवर बंदी घातली.

म्हणजे वीतभर मातीच्या टेकडीवर उभी असलेली नीलगिरी जितकी बदनाम आहे तितकी पापी नाही. तिला पिण्यासाठी खाली पाणीच नाही. तीच नीलगिरी नाल्याकाठच्या खोल मातीत, विहिरीच्या शेजारी ओळीने लावली, तर मात्र तक्रारीत तथ्य असते.

स्थानिक झाडांचा पाणी वाचवायचा स्वतःचा मार्ग आहे : पाने गाळणे. पळस मार्चमध्ये फुलतो तेव्हा त्याच्यावर पान नसते. सालई, धावडा, साग उन्हाळ्याच्या तोंडावर पाने उतरवून दुकान बंद करतात. मराठवाड्याच्या टेकड्यांवर सामाजिक वनीकरणाने भरभरून लावलेले गिरिपुष्प मध्य अमेरिकेतून आलेले, पण तेही कोरड्या दिवसांत पाने टाकते. जैवविविधतेच्या दृष्टीने त्याच्यावर टीका होते आणि ती योग्य आहे, पण पाण्याच्या खटल्यात ते मुख्य आरोपी नाही.

इंडोनेशियात हाच प्रश्न उलटा

झाड आणि पाण्याच्या या हिशेबाचे सर्वात महागडे उदाहरण दुष्काळी भागातले नाही, दलदलीतले आहे. आपल्या तळणाशी त्याचा संबंध आहे, म्हणून ते पाहण्यासारखे आहे. भारत जगातला सर्वात मोठा पामतेल आयातदार आहे आणि त्यातले बरेच तेल इंडोनेशियातून येते.

सुमात्रा आणि बोर्निओ बेटांवर हजारो वर्षे पाण्याखाली राहिलेल्या पालापाचोळ्याचे, अर्धवट कुजलेल्या लाकडाचे अनेक मीटर जाडीचे थर आहेत. त्याला पीट म्हणतात. पाण्याखाली हवा पोहोचत नाही, म्हणून तो पूर्ण कुजत नाही आणि त्यातला कर्ब जमिनीतच राहतो. मात्र तेलताड किंवा कागदासाठीच्या अकेशियाची मुळे साचलेल्या पाण्यात गुदमरतात. म्हणून आधी चर खणून पाणी काढून द्यायचे आणि मग लागवड करायची, अशी पद्धत पडली.

परिणाम जमिनीवर दिसला, अगदी शब्दशः. पाणी उतरले की पीटमध्ये हवा शिरते, तो कुजू लागतो आणि जमीन खचते. सुमात्रातल्या मोजण्यांमध्ये अकेशियाच्या लागवडीखालची जमीन पहिल्या पाच वर्षांत सुमारे १.४ मीटर खचली. त्यानंतर दरवर्षी साधारण ५ सेंटीमीटर. कोरडा झालेला पीट पेटतो आणि आग जमिनीखालून धुमसत राहते. २०१५ मध्ये इंडोनेशियात सुमारे २६ लाख हेक्टर जमीन होरपळली, त्यात पीट जमिनीचा वाटा मोठा होता. जागतिक बँकेने नुकसानीचा अंदाज १६ अब्ज डॉलर काढला. सरकारने पाण्याची पातळी जमिनीखाली ४० सेंटीमीटरपेक्षा खोल जाऊ द्यायची नाही, असा नियम २०१४ मध्येच केला होता. नियम आधी होता, आग नंतर लागली.

इथे झाडांचा वाटा किती आणि चरांचा किती? बहुतांश पाणी चरच ओढून नेतात. पण कोरड्या महिन्यांत, पाऊस थांबल्यावर, पातळी रोज थोडी थोडी खाली नेण्यात पानांतून जाणाऱ्या वाफेचाही हात असतो. जांबी प्रांतातल्या साध्या मातीवरच्या तेलताडांची मोजणी सांगते की दोन वर्षांची बाग दिवसाला ०.२ मिमी पाणी हवेत सोडते, तर मोठी झालेली बाग सरासरी १.३ मिमी. म्हणजे हेक्टरमागे रोज सव्वा टँकरहून अधिक. लागवडीचे वय वाढते तसे तिचे बिलही वाढते. लावताना केलेला हिशेब दहा वर्षांनी जुळत नाही.

पडेगावच्या खडकात पाणी कमी म्हणून झाडाचे पिणे जाणवते. पीटमध्ये पाणी मुबलक असूनही जाणवते, कारण तिथे पाणी हेच कर्बाचे झाकण आहे. दोन्हीकडे चूक एकच झाली. कोणती जमीन आहे हे न पाहता झाडे मोजली गेली.

मग झाडे लावायचीच नाहीत?

तसे नाही. वर केलेल्या हिशेबात एक जमेची बाजू राहिली आहे. जनावरांच्या खुरांनी घट्ट झालेल्या उघड्या माळावर जोराची सर आली की बहुतेक पाणी गढूळ होऊन नाल्याला लागते. झाडाखाली पालापाचोळा साठतो, मुळे आणि वाळवी-गांडुळे मातीत पोकळ वाटा करतात आणि पाणी मुरते. झाड पाणी पिते तसे ते पाण्याला खाली जायला दारही उघडून देते. पिणे जास्त की मुरवणे जास्त, यावर निकाल ठरतो.

पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोमध्ये, जिथे पाऊस जवळपास मराठवाड्याइतकाच आणि तोही काही महिन्यांतच पडतो, याची मोजणी झाली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार झाडे अजिबात नसताना भूजलात कमी पाणी मुरते, फार दाट असतानाही कमी मुरते आणि सर्वात जास्त मुरते ते मध्यम विरळ झाडीत. तिथली झाडे शेतात सुटी सुटी उभी असतात. आपल्याकडे बांधावर कडुलिंब, बाभूळ, बोर असतात तशी.

मराठी मुलखाला हे चित्र नवे नाही. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी २०२५ मध्ये जुन्या मराठी वाङ्मयातले वनस्पतींचे उल्लेख धुंडाळले आणि पश्चिम महाराष्ट्रातले विरळ झाडांचे गवताळ माळ किमान ७५० वर्षे जुने असल्याचे दाखवले. जंगल तोडून माळ झाला, हा समज सगळीकडे खरा नाही. बरेच माळ मुळातच माळ होते.

अलीकडच्या मोहिमांची दिशा वेगळी राहिली. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच वर्षी १ जुलैला राज्यात २ कोटी रोपांची मोहीम झाली, मग २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी, २०१९ मध्ये ३३ कोटींचे लक्ष्य. किती रोपे जगली यावर राजकीय वाद झाला, २०२१ मध्ये विधिमंडळ सदस्यांच्या समितीमार्फत चौकशीही जाहीर झाली. जगलेली झाडे मोठी होऊन किती पाणी घेतील, हा प्रश्न त्या गदारोळात फारसा कुणी विचारला नाही. मराठवाड्यातल्या लागवडीसाठी माजी सैनिकांची प्रादेशिक सेनेची १३६ इको बटालियन (महार) याच शहरात उभी राहिली. लावलेले जगवण्याची शिस्त हे तिचे बळ. पण शिस्तीने काय लावायचे हे आधी ठरवावे लागते.

शहरांत सध्या आवडता प्रकार आहे घनवन, म्हणजे मियावाकी पद्धत. चौरस मीटरला तीनच्या आसपास रोपे. पहिली दोन-तीन वर्षे त्यांना पाणी द्यावेच लागते. चौरस मीटरला रोज ५ लिटर धरले तर गुंठाभर घनवनाला दिवसाला ५०० लिटर आणि पावसाळा वगळून आठ महिन्यांत सुमारे १२ टँकर लागतात. सांडपाणी प्रक्रिया केंद्राचे पाणी असेल तर हरकत नाही. तेच पाणी बोअरचे असेल तर दाट हिरवाईचा खर्च शेजारची गल्ली भरते.

झाडाला दोष देताना एक तुलना मात्र विसरू नये. उसाच्या एका पिकाला २,००० मिमीच्या घरात पाणी लागते, म्हणजे हेक्टरी २,००० टँकर. जंगल आणि गवत यांच्यातला १२० टँकरचा फरक त्यापुढे चिल्लर आहे. फरक इतकाच की उसाला कुणी 'पाणी आणणारा' म्हणत नाही.

पडेगाव-मिटमिट्याच्या माळांसाठी या सगळ्याचा अर्थ बराच व्यवहारी निघतो. उतारावर आधी सलग समतल चर, म्हणजे पहिला पाऊस थांबेल. वरच्या उथळ मुरमात गवत राखायचे आणि त्यात अंतरा-अंतराने पानझडी झाडे. खोल माती आणि विहिरी आहेत त्या नाल्याकाठी सदाहरित, वेगाने वाढणाऱ्या झाडांची रांग टाळायची. चराई काही वर्षे बंद ठेवली तर गवत स्वतःहून येते, त्यासाठी खड्डा लागत नाही. उद्घाटनाचा फोटो मात्र गवताचा निघत नाही, ही अडचण खरी आहे.

सर्वात अवघड काम पुढचे आहे. ३ बाय ३ मीटरवर लावले की हेक्टरी १,१११ झाडे होतात. ती मोठी झाल्यावर पाण्याचा मेळ बसवायचा तर काही काढावी लागतात. वनखात्याच्या भाषेत विरळणी. पडेगाव महापालिका हद्दीत आहे आणि शहरी भागात झाड तोडायचे तर १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. कायदा बांधकामवाल्यांच्या कुऱ्हाडीपासून झाडे वाचवण्यासाठी झाला आणि तो हवाच. पण लावतानाच दाट लावलेल्या माळावर पंधरा वर्षांनी विरळणीचा अर्ज कोण करणार आणि त्या दिवशी जमलेल्या वृक्षप्रेमींना हेक्टरी टँकरचा हिशेब कोण समजावणार, हे लागवडीच्या फलकावर लिहिलेले नसते.